मीटिंग रूमने टिपलेलं चित्रात उतरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोलीत माइक, कॅमेरे, सेन्सर बसवून झाले, डेटा साठायला लागला, आणि आता तो चित्रात, म्हणजे आलेखात, दाखवायचा कसा हा प्रश्न पडलेल्यांसाठी हे पान आहे. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. माणसं जिथे हमखास अडकतात तिथे जास्त लिहिलंय.

मोठा टीव्ही आणि व्हिडिओ कॉलची सोय असली की मीटिंग रूम स्मार्ट होते का?

नाही, ती फक्त सोयीची होते. आत काय चाललंय ते खोली स्वतः टिपू लागली, की तिला स्मार्ट म्हणायचं: किती माणसं आहेत, कोण बोलतंय, पडद्यावर कुठली स्लाइड आहे, फळ्यावर काय लिहिलं गेलं. कल्पना जुनीच आहे. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात ‘कोलॅब’ नावाची खोली होती. तिथे बसणाऱ्यांचे संगणक एकमेकांना जोडलेले असत आणि समोर सगळ्यांसाठी एक मोठा पडदा असे. टिपण्याचं तंत्र तेव्हापासून खूप पुढे गेलं. टिपलेलं दाखवायचं कसं, यात मात्र आपण अजून चाचपडतोच आहोत.

खोली नेमकं काय काय टिपते?

आवाज, कॅमेऱ्यातली दृश्यं, हालचाल आणि उपकरणांच्या नोंदी. यात सगळ्यांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यांत कामाच्या म्हणजे उपकरणांच्या नोंदी. स्लाइड कधी बदलली, फाइल कोणी उघडली, इलेक्ट्रॉनिक फळ्यावरची रेघ कधी ओढली, हे अंदाजाने काढावं लागत नाही. ते यंत्राने स्वतः लिहिलेलं असतं. बाकी सगळ्यात थोडा तरी तर्क असतो.

उदाहरणार्थ, छतावरचा साधा पीआयआर सेन्सर माणूस ‘बघत’ नाही, तो उष्णतेच्या किरणांत झालेला बदल बघतो. सगळे स्तब्ध बसून वाचत असले की त्याच्या लेखी खोली रिकामी. भर मीटिंगमध्ये दिवे गेले आणि कोणीतरी हात हलवून ते परत लावले, हा अनुभव बहुतेकांना असेल. आता याच सेन्सरच्या नोंदीवरून ‘खोलीचा वापर’ असा आलेख काढला, तर सगळ्यांत एकाग्रतेने झालेली मीटिंग रिकामी दिसेल. मिलिमीटर लहरींचे रडार सेन्सर श्वासाची हालचालही पकडतात, त्यामुळे तिथे ही अडचण बरीच कमी होते.

पूर्ण रेकॉर्डिंग आहेच, मग चित्र काढायची गरज काय?

एका तासाचं रेकॉर्डिंग ऐकायला एक तास लागतो, आणि तेवढा वेळ कोणाकडेच नसतो. ‘किंमत कमी करायचं कधी ठरलं? तेव्हा कोण काय म्हणालं?’ असा प्रश्न पडल्यावर माणसाला ती दोन मिनिटं हवी असतात, उरलेली अठ्ठावन्न नकोत. चित्राने त्या दोन मिनिटांपर्यंत पोचवावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. चित्रातल्या पट्टीवर बोट ठेवलं आणि तिथलं बोलणं ऐकू आलं, तर ते चित्र कामाचं. बोट ठेवून काहीच होत नसेल, तर ते भिंतीवर लावायचं पोस्टर झालं.

कोण बोलतंय हे खोलीला कसं कळतं?

दोन वाटांनी. पहिली दिशेची. टेबलावर किंवा छतात माइकची रांग असते आणि आवाज प्रत्येक माइकपर्यंत किंचित वेगवेगळ्या क्षणी पोचतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. दोन माइक १० सेंटिमीटर अंतरावर असतील तर हा फरक जास्तीत जास्त ०.२९ मिलिसेकंद असतो. सेकंदाला १६,००० नमुने घेणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये हे जेमतेम चार-पाच नमुन्यांचं अंतर, पण दिशा काढायला तेवढं पुरतं. दुसरी वाट आवाजाच्या पोताची. बोलण्याचे तुकडे करायचे आणि सारख्या आवाजाचे तुकडे एका ढिगात टाकायचे. याला डायरायझेशन म्हणतात. ‘कोण केव्हा बोललं’ एवढंच ते सांगतं. ‘काय बोललं’ हे काम वेगळं.

त्याची चूक मोजायची पद्धतही ठरलेली आहे: सुटलेलं बोलणं, नसताना धरलेलं बोलणं आणि भलत्याच्या नावावर टाकलेलं बोलणं यांची बेरीज, भागिले एकूण बोलण्याचा वेळ. तुमच्या व्हेंडरने ‘अचूकता’ म्हणून एकच आकडा पुढे केला तर हे तीन भाग वेगळे मागा. चित्रासाठी तिसरा भाग सगळ्यांत घातक असतो. सुटलेलं बोलणं म्हणजे पट्टीत पडलेली फट, ती दिसते तरी. माझं वाक्य शेजारच्याच्या रंगात रंगलं, तर ते बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

सुरुवात कुठल्या चित्रापासून करावी?

आडव्या पट्ट्यांपासून. डावीकडून उजवीकडे वेळ, प्रत्येक माणसाला एक ओळ, तो बोलला तिथे पट्टी भरलेली. खाली आणखी दोन ओळी, एक स्लाइडची, एक फळ्याची. दिसायला हे अगदी साधं, पण एका नजरेत खूप काही सांगतं. सुरुवातीची वीस मिनिटं एकाच ओळीत सलग रंग असेल तर तिथे सादरीकरण झालं. मध्येच सगळ्या ओळींत बारीक तुकड्यांची दाटी झाली तर तिथे वाद झाला किंवा हशा पिकला. सगळ्या ओळी कोऱ्या आणि फळ्याची ओळ भरलेली असेल तर कोणीतरी गप्प राहून आकृती काढत होतं आणि बाकीचे बघत होते. कुठे परत जायचं, हे माणूस या आकारांवरून ओळखतो.

आता यातली खाच. ६० मिनिटांची मीटिंग १,२०० पिक्सेल रुंदीत बसवली तर एका पिक्सेलच्या वाट्याला ३ सेकंद येतात. ‘हो’, ‘बरोबर’, ‘नाही नाही’ या हुंकारांना अर्धा सेकंदही लागत नाही. मग करायचं काय? वगळलं, तर फक्त माना डोलावणारा माणूस चित्रातून नाहीसाच होतो. किमान एक पिक्सेल रुंदी दिली, तर त्याचं अर्ध्या सेकंदाचं ‘हो’ सहापट फुगून दिसतं. दोन्हीकडून खोटंच. मी स्वतः अशा छोट्या उद्गारांना पट्टी न देता ओळीच्या खालच्या कडेला बारीक ठिपके देतो: बोलणं वेगळं, दाद वेगळी.

बोलण्याच्या पाळ्या मोजतानाही हाच पेच येतो. दहा भाषांच्या तुलनेचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदच जातात असं दिसलं. म्हणजे डेटा एकेका सेकंदाच्या कप्प्यांत टाकला की कोणी कोणाला तोडलं आणि कोणी कोणाची वाट पाहिली, यातला फरक पुसला गेलाच म्हणून समजा. मूळ नोंद बारीकच ठेवा. जाडी आणायची ती फक्त दाखवताना.

कोण किती बोललं यासाठी पाय चार्ट चालेल ना?

चालेल, पण साध्या आडव्या दंडांनी तेच काम जास्त चांगलं होतं. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की एका समान पट्टीवरचं स्थान माणूस सगळ्यांत अचूक वाचतो. कोन आणि क्षेत्रफळ वाचताना त्याचा अंदाज जास्त चुकतो. पाच माणसं, २२ टक्के विरुद्ध १९ टक्के: पाय चार्टमध्ये बघा बरं कळतं का.

रंग कसे निवडावेत?

एका माणसाला एक रंग, आणि तो सगळ्या चित्रांत तोच. लाल-हिरव्याची जोडी टाळा, कारण रंगदृष्टिदोष असलेल्यांना नेमके हेच दोन एकसारखे दिसतात. शिवाय लाल म्हणजे वाईट आणि हिरवा म्हणजे चांगला असं मनात आधीच बसलेलं असतं. ज्याच्या वाट्याला लाल येतो तो बिचारा उगाच आरोपी वाटतो. आठ-नऊच्या वर माणसं असतील तर रंगांचा नाद सोडून ओळीच्या डोक्याशी सरळ नावं लिहा.

वेगवेगळ्या उपकरणांच्या वेळा जुळत नाहीत. किती काळजी करावी?

बरीच. घड्याळं तासाला काही मिलिसेकंद पुढेमागे झाली तर चित्राचं काही बिघडत नाही. बिघडतं ते कुठल्या उपकरणाने नोंद केव्हा सुरू केली आणि कुठल्या टाइम झोनमध्ये लिहिली, यावरून. एकदा माझ्याच चित्रात फळ्यावरची पूर्ण आकृती पहिला माणूस खोलीत येण्याच्या कित्येक तास आधी काढलेली दिसत होती. फळा जागतिक वेळेत नोंद करत होता आणि माइक स्थानिक वेळेत. एवढा मोठा घोटाळा निदान डोळ्यांत तरी भरला. तोच चाळीस सेकंदांचा असता, तर पट्टीवर बोट ठेवणाऱ्याला दर वेळी भलतंच वाक्य ऐकू आलं असतं आणि त्याने दोष स्वतःच्या आठवणीला दिला असता. सोपा उपाय सांगतो: मीटिंगच्या सुरुवातीला एकाने फळ्यावर रेघ ओढता ओढता मोठ्याने ‘सुरू’ म्हणायचं. सिनेमावाले क्लॅप देतात तो काय उगाच?

मीटिंग चालू असतानाच हे चित्र पडद्यावर दाखवावं का?

या प्रश्नावर बरेच प्रयोग झालेत आणि त्यातले काही फार देखणे आहेत. इलिनॉय विद्यापीठातलं ‘कॉन्व्हर्सेशन क्लॉक’ गोल टेबलाच्या पृष्ठभागावरच संभाषणाची कडी काढायचं. प्रत्येक माणसाचा रंग ठरलेला, ताजं बोलणं बाहेरच्या कड्यावर, जुनं आत आत सरकत जाणारं, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखं. एमआयटीतल्या ‘मीटिंग मेडिएटर’मध्ये गळ्यातल्या बॅजवरून बोलण्याचा अंदाज घेतला जाई आणि प्रत्येकाच्या फोनवर एक चेंडू दिसे. एखादा फारच बोलायला लागला की चेंडू त्याच्या कोपऱ्याकडे ओढला जाई. ना आकडा, ना टक्केवारी, नुसता कललेला चेंडू. मला ही युक्ती फार आवडते, कारण ती चिमटा काढते पण चारचौघांत पाणउतारा करत नाही.

आणि परिणाम? एमआयटीतच २००४ मध्ये झालेल्या एका प्रयोगात, कोण किती बोलतंय ते सगळ्यांना दिसेल अशा दंडांनी दाखवलं होतं. जास्त बोलणारे थोडे आवरते झाले. पण कमी बोलणारे त्यामुळे बोलके झाले नाहीत. माझ्या लेखी या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. चित्र बडबड्याला गप्प करू शकतं, अबोल माणसाला बोलतं करायला मात्र दुसऱ्या माणसानेच ‘तुला काय वाटतं?’ असं विचारावं लागतं.

म्हणून माझा सल्ला असा: नेहमीच्या मीटिंगमध्ये चालू चित्र दाखवू नका, सगळ्यांचं लक्ष आपापल्या दंडाकडे जातं. गटाने आपणहून मागितलं तर दाखवा, आणि तेही सौम्य रूपात. एका खोलीत आम्ही हे हौसेने लावलं. तिसऱ्या दिवशी एक जण आपला दंड वाढवायला विषयपत्रिका मोठ्याने वाचताना सापडला.

म्हणजे सगळे सारखे बोलले की मीटिंग चांगली झाली, असं म्हणायचं?

अर्धंमुर्धं खरं. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१० साली आलेल्या वूली आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात, ज्या गटांत बोलण्याच्या पाळ्या जास्त समान वाटल्या जात होत्या ते गट वेगवेगळ्या कामांत मिळून सरस ठरले होते. पण हे गटांबद्दलचं आणि सरासरीचं विधान आहे. एकाने अपघाताचा अहवाल सांगायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, अशा मीटिंगमध्ये समान पट्ट्या दिसल्या तर कोणीतरी मध्ये मध्ये फार तोंड घातलं एवढाच त्याचा अर्थ. मीटिंग कशासाठी होती, हे पट्ट्यांच्या शेजारी लिहिलेलं नसेल तर निष्कर्ष काढायच्या भानगडीत पडू नका.

खोलीतल्या हालचालीचा हीटमॅप (जिथे वावर जास्त तिथे रंग गडद, असा नकाशा) उपयोगी पडतो का?

एकाच मीटिंगसाठी जवळजवळ नाही. महिनाभराचा असेल तर खोलीची मांडणी ठरवायला पडतो: कुठल्या खुर्च्या कायम रिकाम्या राहतात, फळ्यापाशी जायला वाट पुरते का. दाराजवळची जागा नेहमी सगळ्यांत ‘तापलेली’ दिसते, कारण प्रत्येक माणूस तिथून जातो. बसलेला माणूस आणि ओलांडून गेलेला माणूस वेगळे मोजा, नाहीतर सगळ्यांची आवडती जागा उंबरठा ठरेल.

चेहऱ्यावरून कंटाळा, उत्साह वगैरे ओळखून तेही दाखवता येईल का?

विकणारे पुष्कळ आहेत. घेऊ नका. कपाळावरची आठी कंटाळ्याची, डोकेदुखीची की समोरच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाची, हे कॅमेऱ्याला कळत नाही. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर बंदीच घातली आहे, वैद्यकीय आणि सुरक्षिततेच्या कारणांपुरता अपवाद ठेवून. ही बंदी २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे.

दुरून जोडले गेलेले लोक चित्रात कसे दाखवायचे?

इथे नेहमी एक गंमत होते. खोलीतल्या माइकच्या दृष्टीने दुरून बोलणारे सगळे एकाच जागेवरून, म्हणजे स्पीकरमधून बोलतात. त्यामुळे दिशेवरून ओळख काढणारी प्रणाली चार माणसांना मिळून ‘वक्ता क्रमांक ५’ करून टाकते. याच्या उलटही होतं. कॉलच्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने खोलीतले सहा जण म्हणजे ‘मीटिंग रूम’ नावाचा एकच माणूस. दोन्हीकडच्या नोंदी एकत्र आणल्याशिवाय पट्ट्यांचं चित्र काढू नका. दुरून बोलणाऱ्याचा आवाज थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे तो इतरांना सारखा तोडतोय असंही चित्रात दिसू शकतं. त्यात दोष नेटवर्कचा असतो, नाव त्याचं खराब होतं.

एआय आता सारांश लिहून देतं. मग चित्र हवंच कशाला?

सारांश काय ठरलं ते सांगतो, ते कसं ठरलं ते सांगत नाही. ‘सर्वानुमते तारीख पुढे ढकलली’ असं वाक्य सारांशात असतं. चित्रात मात्र त्या क्षणी दोनच ओळी भरलेल्या आणि चार कोऱ्या दिसतात. आणि सारांशाचं यंत्र कधी कधी न बोललेलंही लिहितं. तेव्हा दोघांना जोडा: सारांशातल्या प्रत्येक वाक्यावरून पट्टीवरच्या त्या जागी उडी मारता आली पाहिजे. जे वाक्य कुठल्याच जागेला जोडता येत नाही, त्यावर संशय घ्या.

नावं काढून टाकली की गोपनीयतेचा प्रश्न मिटतो ना?

चार जणांच्या मीटिंगमध्ये? अजिबात नाही. सुरुवातीची दहा मिनिटं कोण बोलतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, मग ‘व्यक्ती अ’ कोण हे ओळखायला काय लागतं? नावं झाकणं हा मोठ्या बेरजेचा उपाय आहे. पन्नास मीटिंगांची सरासरी दाखवताना तो चालतो. एका मीटिंगचं चित्र त्या मीटिंगमध्ये बसलेल्यांचंच असतं. ते आधी त्यांना दाखवावं, त्यांच्या वरिष्ठांना परस्पर पाठवू नये. टिपणं सुरू आहे हे दारातच दिसलं पाहिजे आणि ते बंद करायचं बटण टेबलावर सगळ्यांच्या हाताशी असलं पाहिजे.

कच्चा आवाज किती दिवस ठेवायचा हेही आधीच ठरवा. कच्चा आवाज पुसून फक्त पट्ट्या ठेवल्या की धोका कमी होतो, पण मग पट्टीवर बोट ठेवून ऐकता येत नाही. ही ओढाताण सुटत नाही, तडजोडच करावी लागते. मी मुदत घालतो: इतिवृत्त सगळ्यांनी मान्य करेपर्यंत आवाज, त्यानंतर फक्त मजकूर आणि पट्ट्या. आणि या पट्ट्या कोणाच्याही वार्षिक मूल्यमापनात वापरणार नाही, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर थांबू नका.

आमच्याकडे अजून खोलीच नाही. सरावासाठी डेटा मिळेल का?

मिळेल. एएमआय कॉर्पस या संशोधनासाठी जमवलेल्या संग्रहात मीटिंगांचं सुमारे १०० तासांचं रेकॉर्डिंग आहे: जवळचे आणि दूरचे माइक, कॅमेरे, पडद्यावरच्या स्लाइड, फळा आणि माणसांनी लिहून काढलेला मजकूर. बऱ्याच मीटिंगांत चार जण मिळून टीव्हीचा रिमोट कंट्रोल डिझाइन करण्याची भूमिका वठवतात. त्यामुळे नाटकीपणा आहे, पण मांडणी नीटनेटकी. खऱ्याखुऱ्या, अस्ताव्यस्त मीटिंगा हव्या असतील तर बर्कलीतल्या आयसीएसआय या संशोधन संस्थेचा कॉर्पस घ्या. त्यात २००० ते २००२ या काळातल्या ७५ मीटिंगा आहेत, साधारण ७२ तासांच्या, फक्त आवाजाच्या. माझं ऐकाल तर एएमआयवर चित्र बनवा आणि आयसीएसआयवर ते मोडतं का बघा. बहुधा मोडतं.

काढलेलं चित्र चांगलं आहे की नाही, हे कसं तपासायचं?

‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, सगळे छान म्हणतात. मीटिंग ब्राउझर, म्हणजे मीटिंगचं रेकॉर्डिंग चाळायची साधनं, तपासायची एक पद्धत २००५ च्या सुमारास पुढे आली, ती अजूनही उत्तम आहे. आधी काही जण पूर्ण रेकॉर्डिंग बघून मीटिंगमध्ये सहभागी असलेल्यांना महत्त्वाच्या वाटतील अशा गोष्टी टिपून ठेवतात. प्रत्येकीपासून एक खरं आणि एक खोटं विधान तयार करतात. मग ज्यांनी मीटिंग बघितलेलीच नाही अशांना ठरावीक वेळात, फक्त तुमचं साधन वापरून, खरं कुठलं ते ओळखायला सांगतात. किती बरोबर आली आणि किती वेळ लागला, एवढंच मोजायचं. नुसता अंदाज मारला तरी निम्मी बरोबर येतात, हे मात्र लक्षात ठेवा.

आम्ही आमच्या पहिल्या डॅशबोर्डची ही परीक्षा घेतली होती. रंगीबेरंगी गोल, फिरणारे बाण, सगळं होतं त्यात. शेजारी तुलनेसाठी नुसत्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे बोलण्याच्या लिहून काढलेल्या मजकुरात, शब्द शोधायची साधी चौकट ठेवली होती. चौकट जिंकली. त्यानंतर आम्ही गोल आणि बाण काढून टाकले, पट्ट्या ठेवल्या आणि त्यांच्यावर शोधाची चौकट बसवली. शोधलेला शब्द पट्टीवर जिथे जिथे आला तिथे बारीक खूण उमटते. आजही ते साधन तसंच वापरात आहे.